आधी तार, मग यंत्र

५ नोव्हेंबर

ती. स्व. आत्यास,
टाचणीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वेळेवर पोचलं, उत्तराला मात्र मी आठ दिवस लावले. रागावू नकोस. सकाळी दातांच्या दवाखान्यातली नोंदणीची खिडकी, दुपारी बाबांच्या हाताचा व्यायाम, आणि संध्याकाळी घरातल्या नेटशी झटापट, यात दिवस कसा संपतो कळत नाही.

बाबांची प्रकृती आधी सांगते, नाहीतर तू मधलं सगळं सोडून पत्राच्या शेवटी जाशील. सप्टेंबरातल्या झटक्यानंतर पाय बराच सुधारला आहे. उजवा हात अजून मांडीवर परका असल्यासारखा पडून असतो. रोज पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर जाऊन बसतात. शिवत नाहीत, पण पॅडलवर पाय ठेवला की त्यांना बरं वाटतं, असं मला वाटतं. बोलणं तसंच आहे. सगळं कळतं, पण शब्द हाताशी येत नाही. चाळीस वर्षं वापरलेल्या कात्रीकडे बोट दाखवून ‘ते… ते…’ म्हणतात आणि मग भिंतीकडे बघतात.

हॉस्पिटलने बोलणं शिकवणाऱ्या बाई दिल्या आहेत. त्या दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता लॅपटॉपवर येतात. त्या ओठ हलवून दाखवतात, बाबांनी तसे हलवायचे. डॉक्टर म्हणाले, परत येणारे शब्द बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच येतात. जानेवारीच्या शेवटी बाई अहवाल देणार. प्रगती दिसली तर शिकवणी पुढे चालू, नाहीतर जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला. आणि आत्या, आमचं नेट असं की बाईंचे ओठ आधी मिटतात आणि आवाज नंतर येतो. कधी त्या तोंड उघडं ठेवूनच थिजतात. बाबा बिचारे त्या उघड्या तोंडाकडे पाहत तसंच तोंड उघडून बसून राहतात. मला बघवत नाही.

कंपनीला चार वेळा फोन केला. दर वेळी राउटर बंद करून चालू करा म्हणतात आणि एक नवा तक्रार क्रमांक देतात. चारही क्रमांक मी लिहून ठेवले आहेत.

आमचं नेट अजून त्या जुन्या टेलिफोनच्या तारेवरूनच येतं. तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं तक्रारीच्या टेबलावर काढलीस. बसल्या जागेवरून सांगायचीस की खांबावर बिघाड आहे की घरात. मला सांग, मी कुठून सुरुवात करू? माझं काही चुकत असेल तर तेही सांग.

तुझा माझ्यावर जीव आहे तो तसाच राहू दे, एवढंच मागणं.

तुझी,
टाचणी

---

१० नोव्हेंबर

चि. टाचणी हिस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं. तू पत्रात दोनदा माफी मागितली आहेस. मी मोजलं. बापाने तुझं नाव टाचणी ठेवलं ते बारीक होतीस म्हणून. तू ते स्वतःलाच टोचत राहण्यासाठी वापरतेस. ते आधी थांबव.

आता कामाचं. आमच्या टेबलासमोर एक पाटी होती. आधी तार, मग यंत्र, माणूस सगळ्यात शेवटी. तक्रार करणाऱ्याला तूच चुकलास म्हणणं सगळ्यात सोपं असतं, म्हणून ते शेवटी ठेवायचं. दुसरा नियम तुला लहानपणीच शिकवला आहे. तुला दहा वर्षांची होईपर्यंत आम्ही शाळेत घातलं नाही. भागाकार मी शिकवला, अपूर्णांक तुझ्या बापाने मापाच्या टेपवर शिकवले. गणित चुकलं की एका वेळी एकच आकडा बदलायचा आणि पुन्हा करून बघायचं. इथेही तेच कर. एक गोष्ट बदल, लिहून ठेव, मगच दुसरीला हात लाव.

राउटर कुठे आहे ते तू लिहिलं नाहीस, म्हणजे तो अजून लोखंडी कपाटाच्या मागेच असणार. तिथून काढ. बाप जिथे बसून शिकतो तिथे, मशीनच्या टेबलाशेजारी ठेव आणि लॅपटॉपला सरळ वायर जोड. त्यानेही भागलं नाही तर खिडकीच्या चौकटीपाशी तारेचा सांधा आहे, चिकटपट्टी गुंडाळलेला. कंपनीच्या माणसाला तो उघडायला लाव. तो सांधा बारा वर्षांपूर्वी मीच केला होता, तात्पुरता. उद्या नीट करीन म्हटलं, आणि मग माझी बदली झाली. हे त्या माणसाला सांगायची गरज नाही.

मला स्वतःलाही तुमचं नेट नीट हवं आहे. दर रविवारी शेजारीण तिच्या फोनवर तुमचा व्हिडिओ लावून देते. माझे कान गेले, त्याची वाचा गेली. आम्ही बहीणभाऊ नुसते एकमेकांकडे बघत बसतो. जन्मात पहिल्यांदाच अर्धा तास भांडणाशिवाय जातो. पण त्याचा चेहरा मध्येच चौकोन चौकोन होतो आणि मला डोळे कुठे आहेत ते शोधावं लागतं.

जेवत जा. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझी,
आत्या

---

२२ नोव्हेंबर

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस त्याच क्रमाने केलं आणि दर वेळी लिहून ठेवलं.

राउटर कपाटामागून काढला. मागे आईचं हरवलेलं अंगुस्तान, शिवताना बोटात घालायची टोपी, सापडलं, ते मी बाबांना दाखवलं नाही, माझ्या डब्यात ठेवलं. मशीनच्या टेबलाजवळ भिंतीत प्लग नाही, म्हणून एक्स्टेंशन बोर्ड आणून टेबलाखाली जमिनीवर ठेवला आणि राउटर त्यावर चालू केला. लॅपटॉपला वायर जोडली. वेग दोनाचा सहा झाला. मग कंपनीचा माणूस आला. सारखी शीळ घालतो, पण हात स्वच्छ आहेत. त्याने सांधा उघडला तर आत हिरवा गंज. तो म्हणाला, ज्याने कोणी हे बांधलं त्याने गाठ मात्र सुरेख मारली आहे. मी त्याला चहा पुढे केला. तार बदलली, वेग अठरा झाला.

आत्या, काल बाईंचे ओठ आणि आवाज एकत्र आले. जीव भांड्यात पडला. चित्रं नीट दिसायला लागल्यामुळे बाईंनी घरच्यांच्या फोटोंचा धडाही सुरू केला. मी तुझा, माझा आणि आईचा असे तीन फोटो पाठवले होते. पहिला तुझा आला. बाबा थोडा वेळ पाहत राहिले आणि ‘ताई’ म्हणाले. अगदी स्पष्ट. बाईंनी लगेच बरोबरची खूण केली. माझ्या फोटोला नुसतं ‘टा’ म्हणाले, तेही बाईंनी धरलं.

मग पाच वाजून पंचवीस मिनिटांनी नेट गेलं. तीन-चार मिनिटांनी आपोआप आलं, पण तोवर बाबा उठून आत गेले होते. एखादा दिवस असतोच, असं मनाला समजावते आहे. पण इतकं सगळं नीट केल्यावर का जावं? मी काही उलटं तर जोडलं नाही ना?

तुझी माया पाठीशी असू दे.

तुझी,
टाचणी

---

२८ नोव्हेंबर

चि. टाचणी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

त्याने ‘ताई’ म्हटलेलं वाचलं. कागदावर जो डाग दिसतो आहे तो चहाचा आहे, दुसरं काही समजू नकोस.

आता नेट पुन्हा जाईल तेव्हा लॅपटॉपकडे बघू नकोस, राउटरच्या दिव्यांकडे बघ. तीन दिवे असतील. पहिला विजेचा, दुसरा तारेचा, तिसरा नेटचा. तारेत बिघाड असेल तर पहिला जळत राहील आणि पुढचे दोन जातील. नेट गेल्यावर धावत जाऊन बघून उपयोग नाही. आधीपासून बसून राहा आणि नजर हलवू नकोस. तुला जमेल. लहानपणी तू दूध उतू जाईपर्यंत दुधाकडे बघत बसायचीस, गॅस मात्र बंद करायची नाहीस, कारण सांगितलं होतं लक्ष ठेव.

रविवारी चेहरा स्वच्छ दिसला. गालाची हाडं वर आली आहेत. त्याला खायला घाल.

तुझ्यावरचा लोभ होता तेवढाच आहे, वजनात तसूभर फरक नाही.

तुझी,
आत्या

---

१७ डिसेंबर

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

दिव्यांवर लक्ष ठेवलं. सलग दोन धडे मी बाबांच्या मागे स्टुलावर बसून फक्त राउटरकडे पाहिलं. आधी मी उशिरा बघत होते म्हणून पहिला दिवा नेहमी जळताना दिसायचा. खरं तसं नाही. तिन्ही दिवे एकदम जातात. एक श्वास घेईपर्यंत पहिला परत लागतो, मग बाकीचे सावकाश. लॅपटॉप बॅटरीवर असल्यामुळे तो बंद होत नाही, म्हणून इतके दिवस कळलं नाही.

म्हणजे दोष तारेचा नाही, विजेचा. हे माझं मलाच उमगलं, तुझ्या पत्राची वाट पाहिली नाही. आधी राउटरचा चार्जर बदलला. दोन धडे पाहिले, फरक नाही. मग एक्स्टेंशन बोर्डच बदलला. जुन्याचं बटण सैल वाटत होतं. नवा चांगला जाड वायरचा आहे, मोठं लाल बटण आहे, आत दिवा आहे. तो त्याच जागी ठेवला. कालच्या धड्यात पुन्हा गेलं. पाच सत्तावीस.

इतर वेळी नेट जात नाही. मी रविवारी चार तास लावून बसले होते, एकदाही गेलं नाही. धड्यातच जातं, आणि तेही निम्म्यावर. उच्चाराच्या बाई चांगल्या आहेत, पण काल त्या म्हणाल्या की दर वेळी धडा असा तुटला तर अहवालात त्या काय लिहिणार. त्यांना रकाने भरावे लागतात. मी त्यांना म्हटलं की शोध चालू आहे. बाबा हे ऐकत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मी हात टेकले आहेत. तुला त्रास देते आहे हे कळतं, पण दुसरं कोणाला विचारू?

कृपा असावी, आणि उत्तर लवकर यावं.

तुझी,
टाचणी

---

२२ डिसेंबर

चि. टाचणी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तार झाली, यंत्र झालं. आता पाटीवरची तिसरी ओळ. राग मानू नकोस, पण माणूस म्हणजे तू, असं धरून चालू. तू काळजीत असलीस की तुझे पाय स्वस्थ नसतात. लहानपणी जेवताना पाटावरून सगळ्यांना लाथा बसायच्या. बोर्ड टेबलाखाली आहे, तू मागे बसतेस, वायरला पाय लागत असेल. पुढच्या धड्यांना पाय वर घेऊन मांडी घालून बस.

आणि एक कर. दर धड्याला, नेट जाण्याआधीच्या एका मिनिटात खोलीत काय काय झालं ते लिहून काढ. कोण काय बोललं, कोण हललं, पंखा, दार, सगळं. तुझ्या मते जे बिनमहत्त्वाचं आहे तेही लिही. आठ धड्यांचं झालं की एकत्र पाठव. मला थोडा ताप आहे, घाई करू नकोस.

सुखी राहा, आणि मला असंच कामाला लावत जा. रिकामं बसून मी गंजते.

तुझी,
आत्या

---

२१ जानेवारी

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

ताप उतरला का? शेजारणीने फोनवर उतरला म्हणून सांगितलं, पण ती नेहमी चांगलंच सांगते.

आठही धड्यांना मी मांडी घालून बसले. पाय इतके वर घेतले की बाई लॅपटॉपमधून विचारत होत्या, घरात उंदीर आहे का. तरी आठांपैकी सात वेळा नेट गेलं. म्हणजे निदान माझे पाय नाहीत. हे लिहिताना मला बरं वाटतं आहे आणि बरं वाटल्याची लाजही वाटते.

नोंदी सगळ्या पाठवत नाही, कारण त्या जवळजवळ सारख्याच आहेत. तिसऱ्या धड्याची जशीच्या तशी उतरवते. पाच चोवीस. तुझा फोटो. बाबा ‘ताई’ म्हणाले. माझा फोटो. ‘टाच’ म्हणाले, पुढचं अर्धं राहिलं. पाच सव्वीस. आईचा फोटो, तोच, निळ्या साडीतला, दारात उभी असलेला. बाईंनी विचारलं, यांचं नाव काय. बाबा बघत राहिले. मग त्यांनी मला हाक मारली, ‘अगं’. मी उठून त्यांच्याजवळ गेले, काय हवं विचारलं. त्यांनी मान हलवली. बाई म्हणाल्या, हरकत नाही, नाव आठवा. मी मागून आईच्या नावाचं पहिलं अक्षर सांगितलं. बाबांनी पुन्हा मला हाक मारली. मी पाणी पुढे केलं, घेतलं नाही. बाईंनी नावातलं दुसरं अक्षरही दिलं. नेट गेलं.

पाचव्या दिवशी एवढाच फरक की त्यांनी हाक एकदाच मारली. सातव्या दिवशी मी पहिल्यापासूनच त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होते, तरीही मारली. ज्या दिवशी नेट गेलं नाही त्या दिवशी बाईंना सर्दी होती, फोटोंचा धडा झालाच नाही.

हे मी आत्ता लिहिताना माझ्याही लक्षात आलं की आईचा फोटो आणि नेट यांचा काहीतरी संबंध दिसतो. फोटो जड असेल का? मी तो लहान करून पुन्हा पाठवला आहे. अहवाल पुढच्या शुक्रवारी, तीस तारखेला जाणार. त्याआधी दोनच धडे मिळतील.

आईला जाऊन परवा दोन वर्षं झाली. आम्ही दोघं काही बोललो नाही. म्हणजे मी बोलले नाही.

या पत्राला उत्तर लगेच धाडशील ना? तुझा धाक आणि लोभ, दोन्ही हवे आहेत.

तुझी,
टाचणी

---

२८ जानेवारी

चि. टाचणी हिस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

पत्र आज दुपारी मिळालं. शेजारीण गावाला गेली आहे, नाहीतर फोनच करवला असता; म्हणून लगेच लिहायला बसले आहे. उठून पाणी पिऊन ये, मग पुढचं वाच.

फोटो जड नाही. नेट तुझा बाप बंद करतो.

तो बोर्ड टेबलाखाली, पॅडलच्या शेजारी आहे ना? मी त्या खोलीत सोळा वर्षं त्याच्यासमोर बसून भाजी निवडली आहे. शिवण वाकडी जायला लागली की त्याचा हात थांबायच्या आधी पाय थांबतो. दोरा गुंतला की पाय उचलला. गिऱ्हाईक घालून पाडून बोललं की पाय उचलला. हात गेला, तोंड गेलं, पाय राहिला. पॅडलवरून उचललेला तो पाय शेजारच्या बटणावर पडतो आणि वीज जाते; परत पॅडलकडे जाताना बटण पुन्हा दाबलं जातं आणि वीज येते. तू मागे बसून राउटरकडे बघत होतीस, कारण मी तुला तसं सांगितलं होतं. त्याच्या पायाकडे बघ, असं मी लिहिलं नाही. आधी बोर्ड नव्हता तेव्हा नेट रडत होतं पण तुटत नव्हतं. आपण दुरुस्ती केली आणि बटण त्याच्या पायाखाली नेऊन ठेवलं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. टाचणे, तुझ्या बापाने जन्मात कधी तुला ‘अगं’ म्हणून हाक मारली आहे का? आठवून बघ. तुला टाचणी, टाचणे, रागात असला तर बाईसाहेब. मला ताई. ‘अगं’ तो एकाच माणसाला म्हणायचा. अगं, सुईत दोरा ओव. अगं, दिवा लाव. अगं, वाजले किती. एकतीस वर्षांत त्याच्या तोंडून तुझ्या आईचं नाव मी ऐकलेलं नाही. लग्न नवीन असताना मी त्याला चिडवायची की नाव घेऊन हाक मार, तर कान लाल करून मशीन जोरात चालवायचा. तुझी आई मला म्हणायची, वन्सं, राहू द्या, त्यांनी हाक मारली की मला कळतं ना, मग झालं.

त्याला नाव आठवत नाही असं नाही. त्या बाई त्याच्यापुढे तुझ्या आईचा फोटो धरतात आणि ही कोण विचारतात. तो सांगतो. दर वेळी बरोबर सांगतो. माझ्या फोटोला नाव न घेता ताई म्हणाला ते चाललं. तिला हाक मारली ते चाललं नाही. वर तू धावत जाऊन पाणी पुढे करतेस. दोन वर्षांनी त्याने तिला हाक मारली आणि आपण दोघींनी ती तुझ्या नावावर लिहिली. मग त्याने पाय उचलला, दुसरं काय करणार होता?

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि तो वळसा तुला मीच घालायला लावला. तार बघ, यंत्र बघ म्हणून तीन महिने पत्रं लिहीत बसले. एक्स्चेंजमध्ये तो नियम बरोबर होता. तिथली माणसं माझी नव्हती.

त्याला यातलं काही बोलू नकोस. बोर्ड तिथून हलवू नकोस. नको तिथे थांबणं, एवढंच एक त्याच्या हाती उरलं आहे, तेही काढून घेऊ नकोस. बाईंना मात्र लगेच सांग. आणि फोटोंच्या वेळी तू खोलीत थांबू नकोस.

तुझं काही चुकलं असं लिहू नकोस. लिहिलंस तर मी पत्र परत पाठवीन.

तुझी,
आत्या

---

१४ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र एकतीस तारखेला आलं. अहवाल तीसला गेला होता.

मी त्याच दिवशी बाईंना फोन केला आणि तुझं पत्र, जेवढं वाचता आलं तेवढं, वाचून दाखवलं. त्यांनी आपले कागद चाळले. मग म्हणाल्या, त्यांच्या तक्त्यात त्या फोटोपुढे चौदा वेळा ‘असंबद्ध उद्गार’ असं लिहिलं आहे. त्यांनी हॉस्पिटलला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. उत्तर आलं की जागा दुसऱ्याला दिली आहे, पुन्हा अर्ज करावा, साधारण चार महिने लागतील. तोवर सहा महिने होऊन गेलेले असतील. मी अर्ज केला आहे. पोच घेतली आहे.

माझं चुकलं असं लिहीत नाही. पण एक सांगते. मी त्या हाकेवर वाढले. मी दप्तर न घेता ज्या खोलीत शिकले, तिथे दिवसातून वीस वेळा ती हाक यायची आणि स्वयंपाकघरातून ‘आले’ असं उत्तर जायचं. मला ती ओळखता आली नाही. आईनंतर घरात जो आवाज होईल तो माझ्यासाठीच आहे, असं मी धरून बसले होते.

बाईंनी स्वतःच्या वेळेतला एक धडा दिला, परवाच्या मंगळवारी, संध्याकाळी सहाला. मी लॅपटॉप लावला, वायर पाहिली, बोर्ड होता तिथेच ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. दार लोटलं, पण पूर्ण नाही. तेवढं मला जमलं नाही. ‘ताई’ ऐकू आलं. मग ‘टाचणी’. आत्या, पूर्ण.

मग तिसरा फोटो आला असणार. बाईंनी काही विचारलं नाही. मी आतून दिव्यांकडे बघत नव्हते, घड्याळाकडेही नाही. बाबा म्हणाले, ‘अगं.’ बाई हळूच म्हणाल्या, हो. मग पॅडल एकदा करकरलं. साडेसहा होऊन गेले होते, खोलीत काळोख भरत होता. आणि मग बाबा, जसे नेहमी मशीनवरून मान वर न करता म्हणायचे तसे, अगदी रोजच्यासारखे म्हणाले, ‘अगं, दिवा लाव.’

मला कळेना काय करावं. ती हाक माझी नव्हती. पण काळोख होता आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. मी बाहेर गेले आणि मशीनवरचा दिवा लावला.

बाबांनी आधी दिव्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. कोण आलं आहे ते त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि पुन्हा फोटोकडे पाहत राहिले. त्यांचा पाय लाल बटणाच्या अगदी शेजारी होता. तो त्यांनी हलवला नाही. बाईंनीही फोटो काढला नाही. धड्याची वेळ संपली तरी आम्ही तिघं तसेच बसलो होतो. नेट एकदाही गेलं नाही.

त्यानंतर बाबा रोज संध्याकाळी दिवा लावायला सांगतात. मी ‘आले’ म्हणत नाही. जाऊन लावते.

रविवारी व्हिडिओ लावीन. तुला ऐकू येणार नाही, पण ओठ बघ, आता ते थिजत नाहीत.

तुझा लोभ माझ्यापेक्षा त्यांच्याकडे थोडा जास्त वळव, मला चालेल.

तुझी,
टाचणी

ता. क. काल तो शीळ घालणारा माणूस आला होता. आमची तक्रार अजून उघडीच होती. बंद करायला कारण लिहावं लागतं म्हणाला. मी त्याच्याच पेनाने लिहून दिलं, तार आणि यंत्र दोन्ही ठीक आहेत. तो म्हणाला, मग बिघाड कशात होता? त्या रकान्यात जागा थोडी होती. मी लिहिलं, घरच्यांनी ओळखायला उशीर केला.